लकव्यानंतर बाबांना घोड्यावर बसवावं का? (नागपूर)

त्रिमूर्तीनगरची | १४ एप्रिल, रात्री ९:४२

बाबा ७१ वर्षांचे. मागच्या वर्षी फेब्रुवारीत लकवा झाला, उजवी बाजू गेली. नशीब म्हणून चार तासांच्या आत इंजेक्शन मिळालं. आता १४ महिने झाले. काठी घेऊन चालतात, उजवा पाय फरफटतो, मूठ उघडते पण सदऱ्याचं बटण लागत नाही. मधेच शब्द सापडत नाही, मग चिडतात. फिजिओथेरपी सहा महिने रोज केली, आता आठवड्यातून दोनदा. पण गाडी आहे तिथेच अडलीय.

त्यात मावसभावाने व्हॉट्सॅपवर पाठवलं की परदेशात लकव्याच्या पेशंटला घोड्यावर बसवतात, त्याने मेंदूच्या नसा मोकळ्या होतात. मी हसून सोडलं असतं, पण बाबांनी ऐकलं. माझे आजोबा इतवारीत टांगा हाकायचे, बाबा घोडीच्या पायात वाढले. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. आई म्हणते, "बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरतात अन् निघाले घोड्यावर."

यात खरंच काही संशोधन आहे का? नागपुरात कोणी करतं का? आणि तलावाकाठी पोरांना चक्कर मारून आणतात तसल्या घोड्यावर बसवलं तर? (शेवटचा प्रश्न बाबांचा आहे, माझा नाही.)

शंकासुर | १४ एप्रिल, रात्री १०:०५

"नसा मोकळ्या होतात" इथपर्यंत वाचलं आणि कपाळाला हात लावला. आता पाठोपाठ काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी येईलच. पुरावा असेल तर द्या, नसेल तर धागा आरोग्यातून करमणुकीत हलवा.

फिजिओ_रामदासपेठ | १४ एप्रिल, रात्री ११:२०

शंकासुर, थोडं थांबा. मावसभावाचं वाक्य चुकीचं असलं तरी मुद्दा हवेतला नाही.

२०१७ मध्ये 'स्ट्रोक' या जर्नलमध्ये स्वीडनचा अभ्यास आला होता. १२३ माणसं, वय ५० ते ७५, लकव्याला १० महिने ते ५ वर्षं उलटलेली. म्हणजे अगदी ताईंच्या बाबांसारखी, "आता जे आहे ते टिकवा" सांगितलेली. तीन गट केले. एकाला १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा घोड्यावरचे उपचार. दुसऱ्याला तितकेच दिवस ताल आणि संगीताचे उपचार. तिसरा गट थांबून राहिला, त्यांचे नेहमीचे उपचार चालू. शेवटी "मी बरा होतोय" असा ठळक फरक किती जणांना जाणवला? घोड्याच्या गटात ५६ टक्के, संगीताच्या गटात ३८, थांबलेल्यांत १७. सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं तेव्हाही फरक टिकून होता. घोडेवाल्यांचं चालणं आणि तोल सुधारला, संगीतवाल्यांची हाताची पकड आणि तात्पुरती स्मरणशक्ती.

कारण साधं आहे. घोडा पावलापावलाने चालतो तेव्हा पाठीवरच्या माणसाची कंबर तिन्ही दिशांनी हलते. पुढे-मागे, डावी-उजवी, आणि किंचित पिळल्यासारखी. आपण स्वतः चालताना ती जवळजवळ अशीच हलते. ज्याला नीट चालता येत नाही त्याच्या कंबरेला चालण्याचा अनुभव मिळतो, तोही मिनिटाला शंभरेक वेळा, आणि दर वेळी धड सावरावं लागतं. ट्रेडमिलवर मी हे करून घेऊ शकत नाही.

डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे पडले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक घेतलं. घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा. त्यानंतर युरोपात या उपचारांकडे लोक गांभीर्याने बघू लागले.

नागपुरात कोण करतं हे विचारण्याआधी एक बघा: घोड्याशेजारी फिजिओथेरपिस्ट उभा असतो का. नसेल तर ते उपचार नव्हेत, नुसती घोडेस्वारी आहे. एक माणूस लगामाला, दोघं दोन बाजूंना, चढायला उताराचा ओटा, डोक्याला हेल्मेट. तलावाकाठी यातलं काही नसतं.

गवळाऊ_वर्धा | १५ एप्रिल, सकाळी ७:१५

संगीताचा गट ३८ टक्के! मग घोडा पाळण्यापेक्षा खंजिरी भजन स्वस्त. तुकडोजी महाराजांची खंजिरी आमच्या गावात अजून घुमते. एका हातात धरायची, दुसऱ्याने वाजवायची, दोन्ही हातांना काम.

फिजिओ_रामदासपेठ | १५ एप्रिल, सकाळी ७:४०

हसू नका लोकहो, हा या धाग्यावरचा आत्तापर्यंतचा सगळ्यात कामाचा सल्ला आहे. लकव्याच्या हातात खंजिरी द्यायची, चांगल्या हाताने वाजवायची, मग अदलाबदल. मी पेशंटला टाळ देते.

शंकासुर | १५ एप्रिल, सकाळी ९:३०

मूळ निबंध काढून वाचला, त्यामुळे कालचा अर्धा प्रतिसाद मागे घेतो. अर्धाच.

५६ आणि १७ मधला फरक मोठा आहे, पण मोजलं काय? पेशंटला स्वतःला काय वाटलं ते. आपण घोड्यावर बसलो होतो हे पेशंटपासून लपवता येत नाही. आठवड्यातून दोनदा घराबाहेर पडणं, चार माणसांत मिसळणं, यानेच किती फरक पडत असेल? संगीताच्या गटालाही ३८ टक्के मिळालेच की.

चांगल्या वाटणाऱ्या गोष्टी मोजल्यावर फुस्स होतात याचं घरचं उदाहरण देतो. २०१७ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये आपल्या भारतातला मोठा अभ्यास आला होता, १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. घरच्यांना शिकवून घरीच व्यायाम करून घ्यायचे. सगळ्यांना वाटलं होतं की आपल्या देशाला हेच हवं. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के. घरच्यांच्या मेहनतीबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण आकडा आकडा असतो.

फिजिओ_रामदासपेठ | १५ एप्रिल, दुपारी २:१०

मान्य. म्हणूनच मी "करा" म्हटलेलं नाही, "हवेतलं नाही" म्हटलंय. फक्त तो भारतातला अभ्यास लकवा झाल्या-झाल्या सुरू होणाऱ्या व्यायामाचा होता. इथे प्रश्न वर्षभरानंतरचा आहे.

ताई, चार गोष्टी सांगा. बाबांना फिट येते का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? हाडं ठिसूळ आहेत का? पाठीला आधार न देता स्टुलावर पाच मिनिटं बसतात का? आणि वजन.

त्रिमूर्तीनगरची | १५ एप्रिल, रात्री ८:५५

फिट नाही. रक्ताची गोळी चालू आहे. हाडांची तपासणी कधी केलीच नाही. स्टुलावर बसतात, आत्ताच बसवून बघितलं, सात मिनिटं बसले आणि वर "झालं का तुझं?" विचारलं. वजन ७८.

कानाचं यंत्र घेऊन दिलंय, ते कपाटात. म्हणतात कानात भुंगा शिरल्यासारखं होतं.

न्यूरो_वाचक | १५ एप्रिल, रात्री ९:३०

डॉक्टर आहे, पण इथे सल्ला देत नाही, घोड्याचा विषय तर मुळीच माझा नाही. त्या कपाटातल्या यंत्राबद्दल मात्र लिहितो.

२०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणं मांडली. सगळी हाताळली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो असा त्यांचा हिशोब. त्यात कमी ऐकू येणं आहे, रक्तदाब आहे, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा आहे. वाईट कोलेस्टेरॉल आणि उपचार न केलेली कमी दृष्टी हे दोन त्या वर्षी नव्याने आले. ज्याला एकदा लकवा झालाय त्याने तर हे सगळं दुप्पट सांभाळायचं.

शंकासुर विचारण्याआधी सांगतो: कानाच्या यंत्राची २०२३ मधली मोठी चाचणी ९७७ जणांवर झाली, तीन वर्षं चालली, आणि सगळ्यांचा एकत्रित हिशोब केला तर फरक दिसला नाही. ज्यांच्यात स्मृतिभ्रंशाचा धोका मुळातच जास्त होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. ताईंचे बाबा त्या दुसऱ्या गटासारखे आहेत. भुंगा वाटतो कारण आवाज नीट बसवलेला नसतो, दोन-तीनदा जाऊन बसवून घ्यावा लागतो.

घोड्यापेक्षा बीपीचं यंत्र आधी घ्या. रोज सकाळी मोजा, वहीत लिहा.

घोडीवाला_महाल | १६ एप्रिल, दुपारी १२:४०

नमस्कार ताई. माह्याकडे ४ घोड्या आहेत, वरातीच्या. पोरानं हा धागा दाखवला.

खरं सांगू का, वरातीच्या घोडीवर पेशंटले बसवू नका. लोकाइले वाटते बँड-फटाक्यात उभी राह्यते म्हणजे गरीब जनावर आहे. ते गरीब नाही, थकलेलं असते. सीझनात रात्री १ वाजता घरी येतो आम्ही. सकाळी तिच्या पाठीवर ७८ किलोचा माणूस एका बाजूनं कलला तं ते तिले कसं जमन?

मी नाही म्हणलो तं दुसरा कोणी ५०० रुपयात हाव म्हणन. म्हणून सांगून राह्यलो.

पशुवैद्य_काटोल | १६ एप्रिल, रात्री ८:१५

घोडीवाले भाऊ, एक नंबर बोललात. तुमच्या मोठ्या घोडीचं वजन किती असेल, ३५० किलो? अमेरिकेत ओहायोमध्ये २००८ साली घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझं लादून बघितलं होतं. २० पर्यंत ठीक. २५ आणि ३० ला हृदयाचे ठोके वाढले, दुसऱ्या दिवशी पाठीचे स्नायू दुखरे. ३५० चे २० टक्के म्हणजे ७०, आणि त्यात खोगीरही आलं. ताई, तुमच्या बाबांना आपल्याकडची बहुतेक घोडी पेलणार नाही. परदेशातल्या केंद्रांत पाच-सहाशे किलोची जनावरं असतात.

घोड्याला दुखतंय हे ओळखायची एक पट्टी २०१४ मध्ये आली, चेहऱ्यावरून. कान ताठ मागे, डोळा अर्धा मिटलेला, डोळ्यावरचा भाग ताणलेला, चावण्याचे स्नायू फुगलेले, ओठ आवळून हनुवटी उठून दिसणारी, नाकपुड्या ताणलेल्या.

घोडीवाला_महाल | १६ एप्रिल, रात्री ८:५०

डॉक्टर साहेब, हे आमाले आज्यानं पट्टीशिवाय शिकवलं 😀

एक विचारू का? माही दुसरी घोडी उभ्या उभ्या डुलक्या घेते अन् एकदम पुढच्या गुडघ्यावर येते. पायाले जखमा झाल्या. लोकं म्हणतात मिरगी आहे.

पशुवैद्य_काटोल | १६ एप्रिल, रात्री ९:२०

मिरगीच असेल असं नाही. रात्री ती आडवी होते का ते आधी बघा. घोडा दिवसभरात तीनेक तासच झोपतो आणि बरीचशी झोप उभ्याने काढतो, पायाच्या सांध्यांना तशी कुलपं असतात. पण गाढ झोपेचा स्वप्नांचा भाग उभ्याने लागत नाही, कारण त्यात सगळे स्नायू सैल पडतात. जागा अरुंद, जमीन कडक, दावं आखूड, शेजारी भांडखोर जनावर किंवा सांधे दुखणारे, यातलं काही असलं तर घोडी आडवीच होत नाही. मग आठवड्यांची उधारी भर वरातीत वसूल होते. पुढच्या पायाच्या सांध्यांवरच्या त्या जखमा हीच त्याची खूण.

दावं लांब करा, खाली जाड भुसा टाका, मोबाइल लावून रात्रीचं रेकॉर्डिंग करा. तरीही पडली तर तपासू.

भंडारेकर | १७ एप्रिल, सकाळी १०:१०

सगळे घोड्यावर बसण्याचं बोलताय, घोडा तर आपल्या सलाइनमधून आधीच अंगात गेलाय. तीन वर्षांपूर्वी धान रोवणीच्या दिवसांत भाऊ खाली झोपला होता, मण्यार चावली. दात दिसतसुद्धा नव्हते. पहाटे पापण्या मिटायला लागल्या, बोलता येईना. सर्पविषाची लस मिळाली म्हणून वाचला. ती घोड्याच्या रक्तातून काढतात हे मला तेव्हा कळलं. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं काढून आपल्याला द्यायची. १८९० च्या दशकात फ्रान्समध्ये सुरू झालेली ही पद्धत अजून चालूच आहे.

शंकासुर | १७ एप्रिल, सकाळी ११:००

हे मात्र शंभर टक्के खरं, इथे माझी काही शंका नाही. भारतात दर वर्षी ५८ हजारांच्या आसपास लोक सर्पदंशाने मरतात असा २०२० चा अंदाज आहे. घोडा नसता तर किती मेले असते कोण जाणे.

घोड्याची यातून सुटका व्हायची चिन्हंही आहेत. अमेरिकेतल्या टिम फ्रीड नावाच्या माणसाने १८ वर्षं स्वतःला शेकडो वेळा विष टोचून घेतलं (घरी करू नये!). त्याच्या रक्तातल्या दोन प्रतिपिंडांत एक औषध मिसळून २०२५ मध्ये उंदरांवर चाचणी झाली. नाग-मण्यारीच्या कुळातल्या १९ जातींपैकी १३ जातींच्या विषापासून पूर्ण बचाव, उरलेल्यांपासून थोडाफार. पण घोणस आणि फुरसं त्या कुळात येत नाहीत, म्हणजे आपल्या शेतकऱ्याला अजून घोडाच तारणार.

निवृत्त_जीवशास्त्र | १७ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

अवांतर, पण नागपूर, मेंदू आणि घोडा हे तिन्ही एकत्र आलेच आहेत म्हणून. चांदीपुरा विषाणूचं नाव आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या गावावरून आहे. १९६५ च्या तापाच्या साथीत तो पहिल्यांदा सापडला. वाळूमाशीतून पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूला सूज आणतो. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. २०२४ मध्ये गुजरातेत पुन्हा डोकं वर काढलं. त्याचा अमेरिकेतला भाऊबंद घोड्यांच्या आणि गुरांच्या तोंडात फोड आणतो, आणि त्याच भाऊबंदाला माणसाळवून त्याच्यावर इबोलाची लस बनवलीय, २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

माझ्या वर्गात पोरं "चांदीपुरा कुठे आलं?" विचारायची. मी खिडकीबाहेर बोट दाखवायचो.

त्रिमूर्तीनगरची | ११ मे, रात्री १०:३०

उशीर झाला, पण काय झालं ते लिहिते.

बाबांना ३५० चे २० टक्के वाचून दाखवले. दहा मिनिटं गप्प. मग म्हणाले, "बरोबर आहे. आमच्या बाबांनी टांग्यात कधी सहावी सवारी घेतली नाही." घोड्यावर बसण्याचा विषय तिथे संपला. बघायला जायचा हट्ट मात्र कायम.

घोडीवाले भाऊंना व्यक्तिगत निरोप केला. ते म्हणाले या, पण सकाळी सहाला, नंतर ऊन तापते. गेलो. बाबांना खुर्ची दिली. त्यांनी घोडीला घासायचा खरारा मागितला. डाव्या हातात घेतला, मग भाऊंनी काही न बोलता तो त्यांच्या उजव्या हातात सरकवला आणि वरून पट्ट्याने बांधला. पाऊण तास. आता आठवड्यातून तीनदा जातो. फिजिओताईंच्या सांगण्यावरून अर्धा वेळ उभं राहून, मी मागे कमरेचा पट्टा धरून. बटण अजून लागत नाही. खांदा वर जातो पूर्वीपेक्षा. कानाचं यंत्र लावतात, कारण घोडीचं फुरफुरणं ऐकायचं असतं. बीपीची वही चालू आहे.

आता खरा प्रश्न. त्यांच्या म्हाताऱ्या घोडीला, चंद्रीला, हात लावताच बाबा म्हणाले, "हिचा थंडीचा केस अजून कसा झडला नाही?" मे महिना, ४४ डिग्री, आणि तिच्या पोटाखाली बोटभर लांब कुरळे केस. पाणीही खूप पिते, बादलीवर बादली. भाऊ म्हणतात वयामुळे, २१ वर्षांची आहे. बाबा मानायला तयार नाहीत.

पशुवैद्य_काटोल | ११ मे, रात्री ११:०५

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. न झडणारा केस, जास्त पाणी, वय. हे बहुधा वय नाही, आजार आहे आणि तो मेंदूचा आहे.

मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिच्या मधल्या भागाला लगाम घालणाऱ्या, डोपामिन सोडणाऱ्या पेशी म्हातारपणी मरत जातात. लगाम सुटला की ग्रंथी भलतीच संप्रेरकं सोडत राहते. पार्किन्सन्समध्ये माणसाच्या मेंदूतही डोपामिनच्याच पेशी मरतात, जागा वेगळी. याला औषध आहे, पर्गोलाइड. ते मुळात माणसांच्या पार्किन्सन्सचं. त्याने हृदयाच्या झडपा खराब होतात असं दिसल्यावर २००७ मध्ये अमेरिकेत माणसांसाठी बंद झालं. आज तेच या घोड्यांचं मुख्य औषध आहे.

मला काळजी खुरांची आहे. या आजारात अनेकांचं इन्सुलिन चढतं आणि खुराच्या आतल्या मऊ थराला सूज येते. मग घोडी पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभी राहते. तशी उभी राहते का? त्या वाढलेल्या इन्सुलिनवर आता माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्याही वापरतात, नावाच्या शेवटी 'फ्लोझिन' असतं त्या. तुमच्या घरात कोणी घेत असेल.

रक्त घेऊन एसीटीएच (याच ग्रंथीचं एक संप्रेरक) बघावं लागेल. भाऊ, तोपर्यंत वरात बंद, आणि गूळ पूर्ण बंद.

घोडीवाला_महाल | १२ मे, सकाळी ६:२०

रेलूनच उभी राह्यते जी. मले वाटे आराम करून राह्यली.

गूळ तं नवरदेवाची आई देते, अन् मी पण देतो. आजपासून बंद. दुसरी घोडी दावं लांब केल्यापासून आडवी होते, दोन आठवड्यात एकदाही पडली नाही.

शंकासुर | १२ मे, सकाळी ८:४५

धागा करमणुकीत हलवायची मागणी मागे.

त्रिमूर्तीनगरची | २६ मे, रात्री ९:१५

चंद्रीचा रिपोर्ट आला, एसीटीएच खूप जास्त. औषध सुरू झालंय, पहिले चार दिवस खाल्लंच नाही नीट, आता खाते. डॉक्टरांनी सांगितलं होतंच भूक मंदावेल म्हणून. नालबंदाने खुरं कापून दिली. या सीझनला ती घरीच.

बाबा विचारतात, गूळ बंद तर हातावर काय द्यायचं? रिकामा हात पुढे केला की ती तोंड फिरवते, आणि त्यांचा उजवा हात तिच्यासाठीच उघडतो.

पशुवैद्य_काटोल | २६ मे, रात्री ९:४०

काकडी. साल काढायची गरज नाही.